शिंग : बीज, परिस्थिती आणि शब्दार्थ

पिंपळगाव राजाच्या शिवारात रोही दिसतो आणि मेळघाटात सांबर. दोघांतील नराच्या डोक्यावर असते ते 'शिंग'च. मराठीतील या एका शब्दाने दोन भिन्न वस्तूंचा निर्देश होतो. रोह्याचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरील कायमचे कठीण आवरण. सांबराचे शिंग मात्र निखळ हाड असून ते साधारणतः दरवर्षी गळते आणि नव्याने उगवते.

या शिंगाचा आराखडा आनुवंशिक असतो. पूर्ण वाढलेल्या सांबराच्या प्रत्येक शिंगाला सामान्यतः तीन टोके असतात. कितीही सकस चारा मिळाला तरी त्याचा बारशिंगा होत नाही. तथापि शिंग किती लांब व जाड होईल, हे वय, आरोग्य आणि आहार यांवरही अवलंबून असते. कोवळ्या शिंगावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली त्वचा असते. वाढ इतकी वेगवान असते की लागणारे काही कॅल्शियम प्राण्याच्या स्वतःच्याच हाडांतून घेतले जाते. त्यामुळे दुष्काळी वर्षाची उणीव शिंगात उमटू शकते. पुढे चारापाणी लाभल्यास नवे शिंग भरदार येऊ शकते.

म्हणून एखाद्या वर्षीचे शिंग खुजे दिसले, एवढ्यावरून त्या नराचे बीजच हीन ठरवणे योग्य नव्हे. बीज मर्यादा आखते. त्या मर्यादेत किती वाढ होईल, हे परिस्थिती ठरवते.

स्वाध्याय : 'खाण तशी माती' या म्हणीची मर्यादा वरील विवेचनाच्या आधारे स्पष्ट करा.