मराठीचा मार आणि गेमिंगचा कीबोर्ड

इन्स्क्रिप्टमध्ये ‘बोरी’ टाइप करताना हात आळीपाळीने चालतात. ब उजव्याने, ओकार डाव्याने, र पुन्हा उजव्याने, ईकार डाव्याने. मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे, अशी ही मांडणी 1986 सालची. तिच्यात काना इंग्रजी ‘ई’च्या बटणावर बसतो, हलन्त ‘डी’च्या, म्हणजे जवळपास प्रत्येक जोडाक्षराला ‘डी’वर ठोका. सगळा मार असा चार-सहा बटणांवर पडतो. परभणी जिल्ह्यातल्या बोरीसारख्या गावात सेवा केंद्रावर दाखले, अर्ज, पीकविमा भरताना कीबोर्ड निकामी होतो तोही एखाद्या बटणापायी. साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली एकच पातळ पडदा असतो. काना उमटेनासा झाला की बाकीची शंभर बटणं ठणठणीत असूनही तो भंगारात. गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असतो. त्यातला हॉट-स्वॅप प्रकार घेतला, तर कुणी कधी न दाबलेल्या स्क्रोल लॉकखालचा स्विच चिमट्याने उपटून कान्याखाली बसवता येतो, डाग द्यायची गरज नाही. माझ्या लेखी या वस्तूचं मोल एवढंच. रंगीत दिवे आणि एकदम दहा बटणं ओळखण्याची करामत खोक्यावर शोभते. मराठीला शिफ्ट धरून फार तर दोन लागतात.

यावर पहिला सवाल पैशाचा. एका मेकॅनिकलच्या किमतीत साधे चार-पाच येतात, हे खरंच आहे. दिवसाकाठी तासभर टाइप करणाऱ्याने साधाच घ्यावा. पण पीकविम्याची मुदत संपत आलेली, दारात रांग, अशा वेळी नवा कीबोर्ड आणायला परभणी गाठावी लागली, तर त्या खेपेची किंमतही हिशोबात धरायला हवी. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: धूळ. गेमिंग कीबोर्डची बटणं उघड्यावर उभी असतात आणि सोयाबीनच्या काढणीत धुरळ्याला कुठेही मज्जाव नसतो. स्विचच्या पत्र्यावर कचरा बसला की एका दाबात दोन अक्षरं उमटतात. दुसरा काना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला लगेच दिसतो, पण गट क्रमांकात 12 चे 122 झाले तर कोण पाहतं? त्यासाठी रोज फडकं आणि ब्रश लागतो, आणि तेवढी शिस्त नसेल तर प्लास्टिकचं कव्हर घातलेला साधा कीबोर्डच बरा.

स्विचच्या निवडीतही गेमिंगवाल्यांचं ऐकू नये. त्यांचा लाडका लाल स्विच 45 ग्रॅमच्या भाराने, निम्म्या वाटेवर म्हणजे 2 मिलिमीटरवरच अक्षर टाकतो. विसावलेलं बोटसुद्धा हलन्त उमटवून जातं. मराठीला तपकिरी बरा, मधे हलका अडथळा देणारा. निळा अचूक, पण त्याची टकटक शेजारी बसलेल्याला सोसवत नाही. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणाऱ्याने मात्र आधीचे काही आठवडे साध्या कीबोर्डवरच सराव करावा. मराठी मिनिटाला 30 शब्दांची ती परीक्षा केंद्रावरच्या संगणकावर होते, आणि अर्ध्या दाबाला सरावलेली बोटं तिथे अक्षरं गाळतात.