हरताळ आणि मनशीळ

एखाद्या नियमाला ‘हरताळ फासला’ असे मराठीत म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दांमागे एक खनिज दडलेले आहे याची जाणीव सहसा नसते. हस्तलिखित पोथीत लेखनिकाची चूक झाली, की चुकलेल्या अक्षरांवर हरताळाच्या पिवळ्या खळीचा लेप देत आणि लेप वाळल्यावर त्यावर शुद्ध पाठ लिहीत. पुसून टाकणे, निष्प्रभ करणे हा अर्थ त्या लेपापासून आला आहे.

हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे संयुग होय. त्याच्या वजनात सुमारे ६१ टक्के आर्सेनिक असते. रंग लिंबासारखा किंवा सोन्यासारखा पिवळा असतो. चकाकी राळेसारखी असली, तरी पाटनाच्या पृष्ठावर ती मोत्यासारखी दिसते. कठिनता १·५ ते २ असल्याने नखानेही त्यावर ओरखडा उठतो, आणि वि. गु. सुमारे ३·५ असल्याने लहानसा तुकडाही हाताला जड लागतो. अभ्रकाप्रमाणे त्याचे पातळ पापुद्रे निघतात व ते वाकतात. मात्र अभ्रकाप्रमाणे ते पुन्हा सरळ होत नाहीत. आयुर्वेदाच्या रसशास्त्रातील ‘पत्र हरताळ’ हे नाव या पापुद्र्यांवरूनच पडले आहे. मनशीळ हे त्याचे भावंड. तिच्यात आर्सेनिकाचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते आणि तिचा रंग नारिंगी-तांबडा असतो. उष्ण झऱ्यांच्या व ज्वालामुखींच्या परिसरात, तसेच खनिज द्रवांनी भरलेल्या भेगांत ही दोन्ही बहुधा एकत्र सापडतात. चीन, पेरू आणि अमेरिकेतील नेव्हाडा येथील नमुने संग्राहकांना विशेष प्रिय आहेत.

या सोनेरी रंगाने माणसाला पूर्वीपासून मोह घातला आहे. हरताळाचे लॅटिन नावच ‘सोन्याचा रंग’ या अर्थाचे आहे. रोमन सम्राट कॅलिगुला याने पुष्कळसा हरताळ तापवून त्यातून सोने काढविले. परंतु ते इतके थोडे निघाले की तोटाच झाला, असे प्लिनीने नमूद केले आहे. चित्रकारांना मात्र हरताळाने निराश केले नाही. भारतीय लघुचित्रांत त्याचा पिवळा रंग आढळतो आणि त्यात नीळ मिसळून हिरवा रंग करीत. एकोणिसाव्या शतकात क्रोम व कॅडमियम यांचे पिवळे रंग आल्यावर त्याचा वापर मागे पडला. चुन्याबरोबर मिसळून केस काढण्यासाठी, कातडी कमावताना व शोभेच्या दारूतही आर्सेनिकाच्या या संयुगांचा उपयोग होत असे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फटाक्यांत आर्सेनिक वापरण्यास मनाई केली. याच घटकांपासून बनविलेली काच अवरक्त किरणांना पारदर्शक असल्याने प्रकाशीय उपकरणांत आजही उपयोगी पडते.

शुद्ध हरताळ पाण्यात फारच थोडा विरघळतो. यामुळे तो निरुपद्रवी आहे असा समज होण्याचा संभव आहे, पण तो घातक ठरेल. हवा, ओल आणि प्रकाश यांच्या परिणामाने त्याच्या पृष्ठभागावर आर्सेनिकाची ऑक्साइडे तयार होतात. त्यांपैकी पांढरा सोमल पाण्यात विरघळतो आणि तो तीव्र विष आहे. हरताळ तापविल्यास हाच सोमल धुराच्या रूपाने बाहेर पडतो. आर्सेनिक दीर्घकाळ थोडे थोडे पोटात गेले, तर त्वचेचे विकार व कर्करोगही संभवतात.

म्हणून नमुना हाताळताना हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. नमुना घासू, कापू किंवा कुटू नये. तापवून वा जिभेला लावून त्याची परीक्षा तर कधीच करू नये. पेटीत पडलेली पूड झाडूने किंवा फुंकर मारून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. पेटी घट्ट झाकणाची असावी, तिच्यावर विषाची स्पष्ट चिठ्ठी लावावी आणि ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी.

पेटी अंधारात ठेवण्यास आणखी एक कारण आहे. प्रकाशात मनशिळेचे तांबडे स्फटिक हळूहळू ठिसूळ होऊन त्यांची पिवळी भुकटी होते. ही भुकटी म्हणजे हरताळच, असे दीर्घकाळ मानले जाई. प्रत्यक्षात ते पॅरारिअल्गार नावाचे वेगळे खनिज असून १९८० साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. उजेडात मांडलेला सुंदर नमुना अशा रीतीने संग्राहकाच्या डोळ्यांदेखत नष्ट होतो, आणि त्याची पूड अधिक सहजतेने हवेत मिसळते.

हीच दक्षता जुन्या पोथ्यांच्या बाबतीतही आवश्यक आहे. ज्या पानांवर हरताळाचा लेप आहे, ती बोटाला थुंकी लावून उलटण्याची सवय सोडून द्यावयास हवी. लेखनिकाची चूक झाकणारा तो पिवळा लेप शतकांनंतरही आर्सेनिकाचाच असतो.