गवतावरचे जनावर : फरक किती आणि कशामुळे?

‘गवतावर वाढलेल्या गुरांचे’ असे लिहिलेले तुपाचे डबे आता मुंबई-पुण्याच्या दुकानांत दिसतात. किंमत नेहमीच्या तुपाहून बरीच जास्त असते. परदेशात हीच अक्षरे गोमांसाच्या वेष्टनावर असतात. गवत खाल्लेले जनावर आणि धान्य-पेंड खाल्लेले जनावर यांच्या मांसात किंवा दुधात खरोखर काही फरक असतो का? असल्यास तो का पडतो आणि आपल्या ताटात तो किती मोलाचा ठरतो? पेण-रोह्याकडच्या गुरांचे उदाहरण समोर ठेवून हे तपासून पाहू.

तुलना नेमकी कशाची?

हा वाद मूळचा अमेरिकेतला. तेथील बहुतेक मांसाची गुरे लहानपणी कुरणावर चरतात. मात्र शेवटचे चार-सहा महिने त्यांना मोठ्या आवारांत कोंडून मका आणि सोयाबीन भरवतात. त्यामुळे ती लवकर वजन धरतात आणि मांसात चरबीची जाळी तयार होते. याला तेथे ‘नेहमीची पद्धत’ म्हणतात. जन्मभर गवतावर राहिलेले जनावर हा अपवाद ठरतो.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी आली. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळू यांचाही त्यात समावेश झाला. म्हैस आणि रेडा त्यात येत नाहीत. त्यामुळे राज्यात कायदेशीररीत्या कापले जाते ते म्हशी-रेड्यांचे मांस, आणि ही जनावरे मुख्यतः दुधाच्या आणि शेतीच्या कामासाठी पाळलेली असतात. मक्यावर पोसून मांसासाठी वाढवलेली नसतात. म्हणून आपल्या दृष्टीने खरी तुलना दोन प्रकारच्या दुभत्या गुरांची आहे. एकीकडे माळावर चरणारी गावठी गाय किंवा म्हैस, तर दुसरीकडे तबेल्यात बांधून सरकीची पेंड, चुणी आणि सुका चारा खाणारी म्हैस. शास्त्र दोन्हीकडे एकच आहे, कारण चरबी मांसातली असो की दुधातली, तिच्यावर चाऱ्याची छाप कोठीपोटातूनच उमटते.

पानातली चरबी

गवतात चरबी असते, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. प्रमाण अगदी थोडे असते, पण असते. पानाच्या पेशीतील हरितलवकांत अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चकत्या रचलेल्या असतात. प्रकाशसंश्लेषणाचे काम या पापुद्र्यांवर चालते आणि त्यांच्या चरबीत मुख्यतः लिनोलेनिक आम्ल असते. हे १८ कार्बन अणूंचे, तीन दुहेरी बंध असलेले मेदाम्ल आहे. ओमेगा-३ गटातले हेच. धान्यात आणि सरकीसारख्या बियांत मात्र दोन दुहेरी बंध असलेले लिनोलिक आम्ल जास्त असते. ते ओमेगा-६ गटात मोडते. थोडक्यात, पान खाणाऱ्याला ओमेगा-३ मिळते आणि दाणा खाणाऱ्याला ओमेगा-६.

एवढे सरळ असते तर गवत खाणाऱ्या गाईच्या दुधात ओमेगा-३ ची रेलचेल झाली असती. पण मध्ये कोठीपोट येते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यात अब्जावधी जीवाणू गवताचा तंतुमय भाग कुजवतात. असंपृक्त मेदाम्ले यांपैकी अनेक जीवाणूंना घातक असतात. म्हणून ते दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून त्यांना निरुपद्रवी, म्हणजे संपृक्त करून टाकतात. गवतातले बहुतेक लिनोलेनिक आम्ल असे रस्त्यातच संपृक्त होते. थोडेसेच निसटून पुढे जाते आणि फरक दिसतो तो या निसटलेल्या अंशाचा. तुम्ही-आम्ही गवताळ चारा घातला तरी गाईचे तूप घट्टच का राहते, याचे उत्तर येथे आहे.

निरनिराळ्या देशांतील मोजमापे एकत्र केली तर असे दिसते, की धान्यावर वाढलेल्या जनावरांच्या मांसात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण सरासरी साडेसातास एक असते, तर गवतावरच्या जनावरांत दीडास एक. हायड्रोजन चढण्याच्या मधल्या पायऱ्यांवर तयार होणारी काही वेगळी मेदाम्लेही हिरव्या चाऱ्यावरच्या दुधात दुप्पट-तिप्पट भरतात. म्हणजे फरक खरा आहे.

प्रमाण आणि परिमाण

पण येथे विद्यार्थ्यांना एक महत्त्वाची गोष्ट शिकवता येते. प्रमाण बदलले म्हणजे परिमाण मोठे झाले असे नव्हे. गवतावरच्या जनावराच्या १०० ग्रॅम बिनचरबीच्या मांसात एकूण ओमेगा-३ बहुधा १०० मिलिग्रॅमच्या आतच असते. पेणच्या बाजारात मिळणाऱ्या तारलीच्या १०० ग्रॅममध्ये ते ऋतुमानाप्रमाणे १ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निदान दहापट असते. चमचाभर जवसाच्या चटणीतूनही अर्ध्या ग्रॅमहून अधिक मिळते. मात्र ते वनस्पतीतले रूप असून माशांतल्या रूपात त्याचे रूपांतर आपले शरीर थोडेच करू शकते. ज्याच्या घरी आठवड्यातून दोनदा मासळी शिजते, त्याने ओमेगा-३ साठी महागडा डबा विकत घेण्याचे कारण नाही. गवतावरच्या जनावराचे मांस कमी चरबीचे असते हे खरे, पण कोलेस्टेरॉल दोन्हींत जवळजवळ सारखेच असते.

पिवळे तूप, पांढरे तूप

डोळ्यांना दिसणारा फरक रंगाचा. हिरव्या पानांत कॅरोटीन हे पिवळे-नारिंगी रंगद्रव्य असते. गाय त्याचा काही भाग ‘अ’ जीवनसत्त्वात बदलते आणि उरलेला चरबीत साठवते. म्हणून गाईचे तूप पिवळे. म्हैस जवळजवळ सगळ्याच कॅरोटीनचे ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे. याचा अर्थ, पिवळेपणावरून गाईने हिरवे खाल्ले की नाही याचा अंदाज बांधता येईल. म्हशीच्या बाबतीत रंग काहीच सांगत नाही. पांढरे तूप कमअस्सल असा समज त्यामुळे निराधार ठरतो.

कोकणातले वर्षाचे गणित

आता पेण-रोह्याकडे वळू. येथे पाऊस धो धो पडतो, पण तो जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. त्या काळात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनी गवताने झाकून जातात. ऑक्टोबरमध्ये गवत फुलोऱ्यावर येते, मग वाळते. बी धरल्यावर कुसळीसारखी गवते राठ होतात आणि त्यांतील प्रथिने झपाट्याने घटतात. भातकापणीनंतर गुरे मोकळ्या खाचरांत चरतात. वाल निघाला की त्याचे काड मिळते. त्यानंतर पहिल्या पावसापर्यंत मुख्य आधार असतो तो भाताच्या पेंढ्याचा. पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात, शिवाय सिलिका भरपूर.

पेंढा हेही गवतच. पण उन्हात वाळताना पानातले लिनोलेनिक आम्ल आणि कॅरोटीन हवेतल्या ऑक्सिजनने नष्ट होत जाते. म्हणून श्रावणातल्या चरणाऱ्या गाईचे दूध आणि वैशाखातल्या त्याच गाईचे दूध यांत जो फरक पडतो, तो दोन वेगळ्या पद्धतींनी पाळलेल्या गुरांतल्या फरकाइतका मोठा असू शकतो. डब्यावर ‘गवतावरचे’ एवढेच लिहून भागत नाही. गवत हिरवे होते की वाळलेले, हे विचारले पाहिजे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये गवतावरच्या मांसासाठी जी मानके ठरवली, त्यांत वाळलेले गवतही चालत असे. ती मानकेसुद्धा जानेवारी २०१६ मध्ये मागे घेण्यात आली.

कोकण कपिला ही येथील लहान चणीची गावठी गाय आता नोंदणीकृत जात आहे. ती दूध थोडे देते, पण अशा हलक्या चाऱ्यावर आणि दमट हवेत तग धरते. १९४९ मध्ये मुंबईत आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तेथील आणि शहरातल्या इतर तबेल्यांतील भारी म्हशींना असा चारा पुरत नाही. त्यांना पेंड लागते. ठाणे-रायगडच्या वरकस जमिनींवरचे गवतही वाळवून, गासड्या बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जात आले आहे. म्हणजे ‘तबेल्याची’ म्हैसही काही अंशी आपल्या डोंगरावरचेच गवत खात होती!

मिथेनचा हिशेब

गवतावरचे जनावर पर्यावरणाला पोषक असते, असेही सांगितले जाते. कोठीपोटातले काही सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात आणि जनावर तो ढेकरांतून बाहेर टाकते. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. भारतीय उपखंडातील दूध न देणाऱ्या गुरांसाठी वर्षाला डोई २७ किलो आणि उत्तर अमेरिकेतील मांसाच्या गुरांसाठी ५३ किलो मिथेन, असे आकडे २००६ च्या आंतरराष्ट्रीय हिशेबात धरलेले होते. आपले जनावर कमी दोषी दिसते. पण भागाकार कशाने करायचा? समजा, रोज सारखेच मिथेन सोडणारी दोन जनावरे आहेत. धान्यावरचे १६ महिन्यांत ठरावीक वजनाला पोचले आणि गवतावरचे २४ महिन्यांत. मग गवतावरच्या जनावराच्या दर किलो मांसामागे मिथेन दीडपट झाले. राठ चाऱ्याने ते आणखी वाढते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मका पिकवायला नांगरलेली जमीन, खत आणि पाणी लागते आणि तो मका माणूसही खाऊ शकतो. डोंगरउतारावरचे गवत आणि भाताचा पेंढा आपण खाऊ शकत नाही. जे आपल्याला पचत नाही त्याचे दूध, शेण आणि श्रम करून देणारे जनावर, हा कोकणातल्या गुरांचा खरा हिशेब आहे. त्याच शेणावर, पालापाचोळ्यावर आणि गवतावर भाताच्या रोपांचा राब भाजला जातो. आज या उतारांवर कुंपणे पडत आहेत आणि उन्हाळ्यात उरलेले गवत वणव्यात जळते. चराई आटली की गाय विकली जाते किंवा पेंडीवर येते. डब्यावरच्या अक्षरांपेक्षा हा प्रश्न गावाला अधिक जवळचा आहे.

वर्गात करून पाहा

मूठभर ताजी हरळी आणि मूठभर पेंढा वेगवेगळे बारीक कापा, थोड्या स्पिरिटमध्ये चांगले खला आणि गाळून दोन वाट्यांत घ्या. प्रत्येक वाटीत एक पांढरा खडू उभा ठेवा. अर्ध्या तासात हरळीच्या खडूवर हिरव्या पट्ट्याबरोबर पिवळी छटाही चढलेली दिसेल. पेंढ्याच्या खडूवर रंग फिकाच राहील. (स्पिरिट पेट घेते. जवळ दिवा किंवा शेगडी नको, खिडक्या उघड्या ठेवा आणि ते शिक्षकांनीच हाताळावे.) ज्यांच्या घरी गाय आहे अशा मुलांना श्रावणात आणि पुन्हा चैत्रात चमचाभर तूप छोट्या बाटलीत आणायला सांगा, श्रावणातली बाटली चैत्रापर्यंत अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि त्या आठवड्यात गाईने काय खाल्ले ते लिहा. मग दोन्ही बाटल्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून रंग ताडून पाहा.