साताऱ्याचा दरबार, मिरजेचा दवाखाना आणि आमच्या मंडळ्या

ना. वा. टिळक १९१७ साली साताऱ्याला येऊन राहिले. बाप्तिस्मा घेऊन त्यांना २२ वर्षं झाली होती. पन्नाशी उलटली होती. कवितेमुळे आणि 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकातल्या लेखनामुळे नाव महाराष्ट्रभर पोचलं होतं. अशा वयात माणूस हातचं सोडत नाही. टिळकांनी अमेरिकन मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य तिथे एकत्र यावेत, एकमेकांचे होऊन राहावेत, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे दरबारही फार दिवस टिकला नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात पाळक म्हणून काम करताना मला हा दरबार सारखा आठवतो. फसलेला प्रयोग म्हणून त्याची नोंद करून पुढे जाता येतं, बरेच जण तसंच करतात. पण टिळकांनी तेव्हा जे विचारलं त्याचं उत्तर आमच्या मंडळ्यांनी अजून दिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ख्रिस्ताच्या मागे निघालेल्यानं कुणाच्या भाकरीवर जगायचं? आणि मंडळीच्या उंबऱ्याच्या आत कोण, बाहेर कोण, हे कुणी ठरवायचं?

इथवर आपण कसे आलो ते आधी थोडक्यात सांगतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. त्याच मिशनचे अॅलन ग्रेव्हज प्रकृतीसाठी महाबळेश्वरी येऊन राहिले आणि १८४३ साली तिथेच वारले. साताऱ्यात मिशनचं ठाणं पडलं ते १८४९ साली, म्हणजे छत्रपतींचं राज्य कंपनी सरकारनं खालसा केलं त्याच सुमारास. दक्षिणेकडे कोल्हापुरात १८५२ पासून रॉयल गूल्ड वाइल्डर काम करत होते. ते काम पुढे प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं आणि तिथून सांगली-मिरजेत पसरलं. आज सांगली वेगळा जिल्हा आहे, पण १९४९ पर्यंत त्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता आणि त्यानंतरही १९६० पर्यंत त्याचं नाव दक्षिण सातारा असंच होतं. मंडळ्यांचा कारभार मात्र दोन तऱ्हांचा होता. साताऱ्याकडच्या मंडळीत निर्णय सगळ्या सभासदांच्या सभेत व्हायचा, मिरजेकडे निवडलेल्या वडिलांच्या हाती असायचा. १९२४ साली या दोन्ही परंपरा एका संयुक्त चर्चमध्ये आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर वर बिशप आले. काही मंडळ्या बाहेर राहिल्या, काही नव्यानं निघाल्या. आता पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा तालुक्या-तालुक्यात आहेत.

मिरजेवर मात्र थांबायला हवं. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले, सांगलीत त्यांनी लहानसा दवाखाना चालवला आणि १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उघडलं. जागा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडून मिळाली आणि इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी दिला. १८९७ पासून वानलेस यांनी तरुणांना वैद्यकीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९२८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, १९३३ मध्ये ते अमेरिकेत वारले. सांगली-मिरज रस्त्यावरचं वानलेसवाडी हे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असतं. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याची मिशन दवाखान्यांची रीत या भागातल्या जुन्या माणसांना चांगली ठाऊक आहे. टेबलावरचा रोगी लिंगायत असो, जैन असो, मुसलमान असो, त्याच्या नावानं प्रार्थना व्हायची. कर्नाटकातून बैलगाडीनं आलेल्या माणसाला ख्रिस्ती धर्म म्हणजे काय हे पुस्तकातून कधी कळलं नसेल. आपल्या आजाराला न किळसणारा हात त्यानं पाहिला, आणि तेवढं त्याला पुरलं.

या दवाखान्याबद्दल मला अपार कृतज्ञता आहे. तरीही एक गोष्ट बोलायला हवी. मिशनऱ्यांनी आम्हाला दवाखाने, शाळा, वसतिगृहं, बंगले आणि जमिनी दिल्या, आणि त्या सांभाळणं हेच मंडळीचं काम आहे असं आम्हाला हळूहळू वाटू लागलं. महाराष्ट्रभर चर्चच्या मालमत्तेचे खटले वर्षानुवर्षं चालू आहेत. सभेची विषयपत्रिका पाहिली तर भाडेकरू, सात-बारा, वकील आणि विश्वस्तांची निवडणूक यांतच दुपार सरते. आजाऱ्याची भेट, शाळा सुटलेली पोरगी, दारूत बुडालेला सभासद हे विषय 'इतर' या शीर्षकाखाली येतात, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. मी अशा सभांना बसलो आहे. तिथून घरी परतताना मनाला जे रितेपण येतं ते प्रार्थनेनंही लवकर भरत नाही.

टिळकांनी पगार का सोडला ते इथे समजतं. १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशननं पोरकी मुलं पदरात घेतली, अन्नछत्रं चालवली. ते पुण्याचंच काम होतं. पण त्याबरोबर 'पोटासाठी बाटले' हा डाग आमच्या आजोबा-पणजोबांच्या कपाळी लागला. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या ज्या माणसांनी गावचा बहिष्कार सोसून बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या वाट्याला हे ऐकणं आलं. प्रचारक मिशनच्या पगारावर असेपर्यंत त्याच्या तोंडच्या शब्दाला धार येणार नाही, हे टिळकांनी ओळखलं.

स्वतःच्या भाकरीवर उभी असलेली मंडळी पाहायची असेल तर कापणीच्या सणाला यावं. उपासनेच्या सकाळी वेदीपुढे जोंधळ्याची कणसं, भुईमुगाच्या शेंगांची पाटी, हळद, उसाची मोळी, तासगावकडचा बेदाणा असं सगळं मांडलेलं असतं. कुणी पाय बांधलेला कोंबडा आणतं, तो उपदेशाच्या मध्येच आरवतो. उपासना संपली की पटांगणात लिलाव. ज्यांना रान नाही, जे दुसऱ्याच्या रानात राबतात, त्यांच्याही घरून काहीतरी येतं. एका वर्षी एका आजींनी पदरात गुंडाळून पाच अंडी आणली होती. पहिल्या तरुणानं ती बोली लावून घेतली आणि परत लिलावात ठेवली. दुसऱ्यानं घेतली, त्यानंही परत ठेवली. पाच अंडी अशी हातोहात फिरत राहिली आणि शेवटी पुन्हा आजींच्याच ओच्यात गेली. त्या एका फेरीत जमलेल्या रकमेतून चर्चच्या छपराचे पत्रे बदलले. छपरासाठी परदेशी पत्र लिहावं लागलं नाही याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

पाळकाचा आठवडा रविवारी दिसतो त्याहून फार वेगळा असतो. एकाकडे दोन-तीन गावं, त्यातल्या एका गावी महिन्यातून एकदाच प्रभुभोजन. बाकी दिवस घरभेटी. पाळकीणबाई सोबत असतील तर भेटीला अर्थ येतो, कारण घरातल्या बाईच्या मनातलं माझ्यापर्यंत येत नाही, त्यांच्यापर्यंत येतं. जुन्या काळी बायबलबाई हेच काम पायी करायच्या. त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावं कुठल्या अहवालात सापडतील, पण गावोगावची मंडळी त्यांच्या चालण्यावर उभी राहिली.

आणि सगळ्यांत जास्त मंडळी दिसते ती मातीला. आमच्याकडे मरणाला जात आडवी येत नाही, निदान स्मशानापर्यंत तरी नाही. ख्रिस्ती माणसाच्या मातीला सगळं गाव येतं. एका घरातला थोरला ख्रिस्ती, तर धाकट्याच्या घरानं १९५६ नंतर बौद्ध धम्म घेतलेला, सून हिंदू घरातली, असं इथे सर्रास असतं. शवपेटीजवळ तिघांचेही नातेवाईक उभे असतात. पावसाळ्यात सांगलीकडच्या काळ्या रानात खड्डा खणला की तासाभरात पाण्यानं भरतो. पोरं बादल्यांनी पाणी उपसतात, मी वचन वाचत असतो, पाणी पुन्हा झिरपत असतं. काही गावांत दफनासाठी जागाच उरलेली नाही. मग मृतदेह तालुक्याला न्यायचा, आणि तिथल्या मंडळीला 'आमचा माणूस तुमच्या मातीत घ्या' असं हात जोडून विनवायचं. ज्या समाजाच्या नावावर एवढे बंगले आहेत त्याच्या गरिबाला साडेतीन हात जागा मिळू नये, याचं मला फार दुःख होतं.

माती झाल्यावर घरी दुसरा प्रसंग उभा राहतो. बायका विधवेच्या बांगड्या फोडायला येतात. ख्रिस्ती घरातही येतात. पुनरुत्थानाची गाणी म्हणत कबरीवरून परतायचं आणि दारात आल्यावर त्या बाईचे हात भुंडे करायचे, हे कुठल्या विश्वासात बसतं? आता मी मातीच्या आधीच घरच्यांशी बोलतो आणि पाळकीणबाई त्या बाईजवळ बसून राहतात. मे २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. ते ऐकून मला अभिमान वाटला, आणि मंडळीकडे पाहून खंतही. एका ग्रामसभेनं जे केलं ते आमच्या व्यासपीठांनी पन्नास वर्षं आधी करायला हवं होतं.

कागदोपत्री नावांचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणून शाळेच्या दाखल्यावर एक नोंद आणि मंडळीच्या रजिस्टरात दुसरी, अशी घरं आहेत. वाडा तोच, कामं तीच, गावाची नजरही तीच, सवलत मात्र नाही. अशा बापाला खोटेपणावरून झापणारे उपदेश मी ऐकले आहेत. मला ते जमत नाही. पोराच्या फीची पावती ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलताना पाळकानं आधी ऐकून घ्यावं.

गाण्याबद्दल थोडं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे टिळकांनी मराठी मंडळीला इतकी भजनं दिली की 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक त्यांच्याविना कल्पताच येत नाही. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आज तरुणांना कीबोर्ड आणि ड्रम हवा असतो. त्यांचं काही चुकत नाही. पण टाळ-पेटीवर टिळकांचं भजन सुरू झालं की चर्चबाहेर उभा असलेला वारकरी शेजारी आत डोकावतो, हे मी पाहिलं आहे. आपला सूर शेजाऱ्याला ओळखीचा वाटणं ही मंडळीची मोठी कमाई आहे आणि ती हातची जाऊ देऊ नये.

पाळकाचं शिक्षण हा माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षिला गेलेला विषय आहे. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला आली. तिथे आणि अशा इतर संस्थांत देशभरातून मुलं शिकायला येतात, शिक्षण चांगलं असतं, पण बहुतेक इंग्रजीत. पदवी घेऊन तरुण पाळक तासगाव-मिरजेकडे येतो तेव्हा समोर द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या बायका बसलेल्या असतात. त्यांच्या भाषेत देवाची गोष्ट सांगायला त्याला पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतं, आणि शिकवणाऱ्या त्याच बायका असतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला मी पूर्वी कृपेवरचा धडा म्हणून सांगायचो. मालक सकाळी आलेल्यांना आणि संध्याकाळी शेवटच्या तासाला आलेल्यांना सारखीच हजेरी देतो. तासगाव भागातल्या एका प्रार्थनासभेत हा दाखला झाल्यावर मागे बसलेली एक बाई म्हणाली, "पाळकसाहेब, उशिरा आलेली माणसं आळशी नव्हती. त्यांना सकाळी कुणी कामावर घेतलंच नव्हतं. म्हातारी असतील, लंगडी असतील. मुकादम अशांना मागंच ठेवतो." पुस्तकात ते लिहिलेलं आहे. मी इतक्या वेळा वाचूनही त्या वाक्यावरून पुढे जात होतो.

त्या बाईचा बाप्तिस्मा झालेला नाही. नवरा नको म्हणतो, सासरचे काय म्हणतील याची धास्ती आहे, आणि धर्मांतर या शब्दानं हल्ली गावातली हवा लगेच तापते. तिला कुणी बोलावलं नव्हतं, मीही कधी 'बाप्तिस्मा कधी घेता?' असं विचारलेलं नाही. ती आजाऱ्यांना भेटायला जाते, कापणीच्या सणाला शेंगा आणते, मातीला पाणी उपसणाऱ्या पोरांना चहा करते. रजिस्टरात तिचं नाव नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ती शांतपणे मागे सरकून बसते.

काही वडिलांचं म्हणणं आहे की नियम तो नियम. संस्कारांची शिस्त मोडली तर मंडळी विस्कटेल ही त्यांची भीती मला समजते, ती खोटी नाही. मी अजून भाकर तिच्या हातावर ठेवलेली नाही. पण गेल्या वर्षापासून मंडळीच्या सभेत तिला बसायला आणि बोलायला बोलावतो. आजाऱ्यांच्या भेटीची यादी आता तीच करते, आणि विषयपत्रिकेवर तो विषय सात-बाराच्या आधी येतो. यंदाच्या सभेत तिच्यासारख्या सगळ्यांची वेगळी नोंदवही ठेवावी, असा ठराव मी मांडणार आहे. वहीला नाव काय द्यायचं हे विचारलं तर साताऱ्यातलं ते १९१७ सालचं नाव सुचवेन.