परसबागेतील वेल आणि किडींचा हिशेब

शहरांतील घरे लहान होत गेली, अंगणे नाहीशी झाली. तरीही आपल्या हाताने लावलेल्या वेलीची भाजी आपल्या ताटात यावी, ही इच्छा मात्र टिकून राहिली. गच्चीवर, सज्ज्यात, बंगल्याच्या कुंपणावर किंवा वसाहतीच्या मोकळ्या कोपऱ्यात आज दोडका, कारले, दुधी, काकडी यांचे वेल चढलेले दिसतात. थोड्या जागेत अधिक उत्पन्न देणारा भाजीपाला म्हणून वेलवर्गीय भाज्या सोयीच्या ठरतात, कारण त्यांचा विस्तार जमिनीवर न होता मांडवावर होतो. मात्र वेल फुलू लागताच किडीही हजर होतात आणि बागप्रेमी गृहस्थ तातडीने औषधाच्या दुकानाकडे वळतो. नेमक्या याच वळणावर थोडा विचार केल्यास पैसा, भाजी आणि घरच्यांचे आरोग्य या तिन्हींचे रक्षण होते.

लागवडीची पूर्वतयारी

वेलाला दिवसाकाठी किमान सहा तास ऊन मिळावे. कुंडीत लागवड करावयाची असल्यास ती दीड फूट खोल व तितकीच रुंद असावी आणि तळाशी पाणी निचरण्यासाठी छिद्रे असावीत. माती व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरून जूनमध्ये पावसाच्या आरंभी अथवा उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारीत बी टोकावे. उत्तर भारतात थंडीचा कडाका ओसरल्यावरच उन्हाळी लागवड करणे हिताचे असते. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असल्याने त्या रात्रभर भिजवून घ्याव्यात. वेल वीतभर वाढताच त्याला सुतळीचा अथवा काठीचा आधार द्यावा. साधारणपणे दोन महिन्यांच्या आसपास पहिली तोडणी हाती येते.

फुले येतात, परंतु फळ धरत नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. या वेलांवर नर व मादी फुले निरनिराळी असतात. प्रथम बहुधा नर फुलेच येतात व ती गळून जातात. यात काळजीचे कारण नाही. ज्या फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते, ते मादी फूल होय. नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत पोहोचला तरच फळ वाढते व हे काम प्रामुख्याने मधमाश्या आणि इतर कीटक करतात. काकडी व कारल्याची फुले सकाळी, तर दोडका व दुधीची संध्याकाळी उमलतात. उंच मजल्यांवर कीटक कमी फिरकत असतील, तर ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या दूर कराव्यात आणि त्यातील परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा.

आर्थिक नुकसानीची पातळी

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश व हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी कीडनियंत्रणाविषयी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. कीड दिसली म्हणून लगेच उपाय करावयाचा नसतो; टळणारे नुकसान उपायाच्या खर्चाहून अधिक असेल तेव्हाच तो करावयाचा असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. 'आर्थिक नुकसानीची पातळी' ही संकल्पना तेथूनच रूढ झाली आणि आजच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा ती पाया आहे. जमाखर्च जाणणाऱ्या कोणालाही ती सहज पटावी.

घरच्या बागेला ही कसोटी लावली असता निष्कर्ष स्पष्ट होतो. येथील भाजी बाजारात विकावयाची नसते. त्यामुळे पाच-सहा पानांना पडलेली छिद्रे हे नुकसानच नव्हे. उलट विषारी फवारणीचा खर्च बाटलीच्या किमतीपुरता मर्यादित राहत नाही. त्या फवाऱ्याने मधमाश्या मरतात व फळधारणा घटते. किडी खाणारे मित्रकीटक मरतात व उरलेल्या किडी पूर्वीपेक्षा वेगाने वाढतात. शिवाय विषाचा अंश भाजीतून स्वयंपाकघरात येतो. हा सारा खर्च मांडल्यास फवारणीचा व्यवहार बहुधा तोट्याचाच ठरतो.

प्रमुख किडी आणि त्यांचे उपाय

तांबडे भुंगेरे : नारिंगी-तांबड्या रंगाचे हे लहान भुंगेरे उगवत्या रोपांची कोवळी पाने खातात, त्यांच्या अळ्या मातीत राहून मुळे कुरतडतात. दुधी, काकडी व भोपळ्यावर त्यांचा विशेष रोख असतो. कारल्याला ते सहसा फारसा उपद्रव देत नाहीत. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात. त्या वेळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रोपांना पाच-सहा पाने येईपर्यंत मच्छरदाणीचे कापड झाकल्यास धोक्याचा काळ निभावतो.

मावा : कोवळ्या शेंड्यांवर व पानांच्या मागे दाटीने बसून हे कीटक रस शोषतात. माद्या नराविनाही थेट पिलांना जन्म देतात आणि ती पिले आठवड्याभरात प्रौढ होतात. त्यामुळे त्यांची संख्या पाहता पाहता चक्रवाढीने वाढते. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात आणि माव्याचे रक्षण करतात. म्हणून मुंग्यांची रांग ही माव्याची पहिली सूचना समजावी. आरंभीच पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास पुष्कळसा मावा धुऊन जातो. ठिपक्यांचा ढालकिडा व त्याची अळी हे माव्याचे कट्टर शत्रू होत. ही अळी काळसर, लांबट आणि इवल्याशा सुसरीसारखी दिसते. अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात व आपल्या पहारेकऱ्याला मुकतात.

नागअळी : पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसू लागल्या की ही कीड ओळखावी. मूळची अमेरिका खंडातील ही कीड १९९० च्या सुमारास भारतात आढळू लागली. अळी पानाच्या दोन थरांमध्ये राहत असल्याने वरवरच्या फवाऱ्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. रेषा पडलेली खालची पाने तोडून नष्ट करणे पुरेसे असते.

लाल कोळी : हा कीटक नसून आठ पायांचा सूक्ष्म जीव आहे. उष्ण, कोरड्या हवेत त्याचा जोर वाढतो. पाने निस्तेज होऊन त्यांखाली बारीक जाळी दिसते. पानांच्या मागील बाजूवर नियमित पाणी फवारल्यास त्याला आळा बसतो.

फळमाशी : वेलवर्गीय भाज्यांची ही सर्वांत मोठी शत्रू. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या आतला गर खातात. फळ वाकडे होते, सडते व गळते. त्यानंतर अळ्या मातीत शिरून कोष करतात. अळी एकदा फळात शिरल्यावर फवारणी व्यर्थ असते. म्हणून मादीला फळापर्यंत पोहोचू न देणे हाच खरा उपाय होय. फळधारणा होताच बोटाएवढ्या फळाला कागदाची अथवा पातळ कापडाची पिशवी बांधावी. गळलेली फळे खतात न टाकता घट्ट बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कडक उन्हात ठेवावीत आणि वेलाखालची माती अधूनमधून हलवावी. 'क्यूल्युर'चा कामगंध सापळा उपयुक्त असला, तरी तो फक्त नर माश्यांना आकर्षित करतो. बाहेरून येणारी मादी त्याने अडत नाही. जपानने ओकिनावा बेटांवर वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडून १९९३ मध्ये या माशीचे समूळ उच्चाटन केले. तोवर तेथील कारली जपानच्या मुख्य बेटांवर नेण्यास बंदी होती. एका देशाला इतके परिश्रम घ्यावे लागले, ते काम घरच्या चार-दोन वेलांपुरते कागदाची पिशवी करते!

कडुनिंबाचे साहाय्य

एवढे करूनही प्रादुर्भाव वाढल्यास निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, त्यात थोडा साबणाचा द्राव मिसळावा व संध्याकाळी फवारावी. कडुनिंबातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य उन्हात लवकर निष्प्रभ होते. त्याने कीड तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते व कात टाकण्याची क्रिया बिघडते. म्हणून दुसऱ्या दिवशी किडी दिसल्या तरी निराश होऊ नये. आठवड्याने पुन्हा फवारावे.

घरात विष नको

कीटकनाशकांच्या वेष्टनांवर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा व हिरवा असे त्रिकोण असतात. त्यांपैकी लाल सर्वाधिक घातक होय. एके काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. घरातील जुनी बाटली म्हणूनच 'असू दे' म्हणून ठेवण्याची वस्तू नव्हे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ बालके दगावली. तपासणीत त्या अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. शेतातील विष स्वयंपाकघराच्या इतके जवळ येऊ शकते, याचे हे विदारक उदाहरण आहे. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला, तरी तो खाद्यपदार्थांसाठी कदापि वापरू नये.

दररोज सकाळी दहा मिनिटे पानांची मागची बाजू पाहण्याची सवय हे परसबागेतील सर्वांत स्वस्त आणि प्रभावी औषध होय. नित्याच्या छोट्या बचतीप्रमाणेच या नित्याच्या निरीक्षणाचेही फळ यथावकाश मिळते. आणि ते निर्धास्तपणे मुलांच्या ताटात वाढता येते.