वाडा, गोठा आणि तळं

साकोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मालगुजारी वाड्यात मी पहिल्यांदा शिरलो तो मागच्या दारानं. माझे आजोबा वाड्याचे गायकी होते, म्हणजे गुराखी. सकाळी गुरं आखरावर गोळा करायची, दिवस बुडताना गोठ्यात आणून बांधायची, यातच त्यांचा जन्म गेला. त्यामुळे हा वाडा मला गोठ्याकडून कळत गेला.

वाडा पक्क्या विटांचा. तसं पाहिलं तर वीट या जिल्ह्याला नवी नाही. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना विटांचा स्तूप सापडला. पण आमच्या गावात बाकीची घरं मातीची आणि वीट एकट्या वाड्याला. ती परवडली कशी, याचं उत्तर गावच्या तळ्यात आहे.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ साली खालसा केलं. पुढे १८६० नंतरच्या बंदोबस्तात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. झाडीपट्टीतली अनेक तळी मात्र त्याच्याही आधीची, कोहळी समाजानं बांधलेली. पावसानं दडी मारली की पाळीतलं तुडुम उघडायचं आणि पाणी धानाच्या बांधीत सोडायचं. धान पिकलं की तनीस आलं, तनसावर गुरं जगली, गुरांच्या जोरावर चिखलणी झाली, शेणखत मिळालं. आमच्या वाड्याचा गोठा राहत्या घरापेक्षा लांब का, ते यावरून ध्यानात यावं.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. कायद्यानं राहतं घर आणि घरची शेती मालगुजाराकडे ठेवली. जंगल, गायरान आणि गावकऱ्यांच्या सिंचनाचे हक्क असलेली तळी सरकारकडे गेली. माजी मालगुजारी तलाव, त्याचंच पुढे ‘मामा तलाव’ झालं. मालगुजारी गेली ते बरंच झालं. वाड्यावरच्या राबणुकीचा हिशेब आमच्या घरानं पुरेपूर पाहिला आहे. पण दरसाल पाळीवर माती टाकायला माणसं लावणारं कोणी उरलं नाही, हेही खरं. तळी गाळानं भरत गेली.

इकडे गायरान हातचं गेल्यावर एवढी गुरं चारायची कुठं? दावणी एकेक करून रिकाम्या झाल्या. विटांची भिंत टिकते, पण वरचे कवेलू पावसाळ्याआधी फेरावेच लागतात. त्याला माणसं लागतात, पैसा लागतो. वारसांनी वाडा सांभाळला नाही असं लोक म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं.

आधी गोठा पडला, मग दर्शनी भिंत. त्यातल्या काही विटा आज आमच्या घराच्या ओट्याला आहेत. वडिलांनी त्या मोजून, पैसे देऊन आणल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हे आवर्जून सांगत.