ब्रेक लागत नाही? आधी रिम पाहा

भिवंडीत टेम्पो कितीही वाढले, तरी शांतीनगर किंवा नारपोलीच्या अरुंद गल्ल्यांतून दोन-चार ताके कारखान्यातून गोदामापर्यंत न्यायला सायकल अजून उपयोगी पडते. ताका हाती आला की आम्ही व्यापारी त्याची लांबी, पन्हा, वजन सर्व तपासतो. तेलाचा डाग दिसला तर फ्रेशमधून काढून सेकंडमध्ये टाकतो. मात्र ज्या सायकलवरून तो आला तिचा ब्रेक लागतो की नाही, हे क्वचितच कोणी पाहतो. कित्येक मजूर पाय जमिनीला घासून सायकल थांबवतात आणि त्याचे कोणाला नवलही वाटत नाही.

ब्रेक कमजोर झाला की लोक म्हणतात, रबर गेले. नवे गुटके बसवले जातात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तीच तक्रार. आमच्या मते आपल्या गावात दोष बहुधा रिमचा असतो. २८ इंची काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात. त्यात रबराचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने दाबले जातात. ही बाजू सहसा नजरेस पडत नाही. सायकल कारखान्यात मागांच्या शेजारी उभी असते. तेथे जमिनीवर तेल, हाताला तेल आणि हवेत सुताचे तूस. तेल, तूस आणि धूळ मिळून रिमवर चिकट थर बसतो. रबर त्यावरून घसरते, शिवाय ते तेल शोषून स्वतःही खराब होते. नवे रबर लवकर निकामी होण्याचे कारण हेच.

उपाय फार स्वस्त आहे. कपडे धुण्याची पावडर गरम पाण्यात घालून, फडक्याने रिमची आतली बाजू चारी अंगांनी घासावी, स्वच्छ पाण्याने धुवावी आणि कोरडी पुसावी. नुसत्या रॉकेलने पुसून सोडू नये, त्याचाही थर राहतो. रबर जुने होऊन काचेसारखे गुळगुळीत झाले असेल तर पॉलिश पेपरने घासून खरखरीत करावे. तेल आत मुरले असेल तर मात्र बदलावेच. सायकल चमकावी म्हणून रिमला तेलाचा हात फिरवणारेही आम्ही पाहिले आहेत. तेल साखळीला आणि चाकाच्या बेअरिंगला द्यावे, रिमला कधीही नाही.

यानंतर पाना हाती घ्यावा. चाक हलत असेल तर आधी त्याचा आऊट काढून घ्यावा, नाहीतर गुटका एका ठिकाणी घासतो आणि दुसरीकडे पोहोचतच नाही. मग गुटका आणि रिम यांत २-३ मिलिमीटर अंतर ठेवून सळईचे नट घट्ट करावेत. दोन्ही गुटके एकाच वेळी टेकले पाहिजेत. ब्रेक पूर्ण दाबला तरी तो हँडलला टेकता कामा नये. परीक्षा सोपी आहे. रिकामी सायकल हाताने पुढे ढकलत पुढचा ब्रेक दाबावा, मागचे चाक उचलले गेले पाहिजे. मागचा दाबला तर मागचे चाक फिरायचे थांबून घसटत आले पाहिजे.

भाराचा हिशेबही समजून घ्यावा. ६० किलोचा माणूस, २० किलोची सायकल, त्यावर ४० किलो कापड म्हटले की तेवढ्याच वेगात ब्रेकला दीडपट काम करावे लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. आणि बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक तर सुटा लोंबत असतो!

माल पडून चिखलात भिजला तर काही मालक त्याची भरपाई मजुराच्या मजुरीतून कापतात. सायकल मालकाची, ब्रेक मालकाने पाहिलेला नाही आणि नुकसान मात्र मजुराचे, हा कोणता इन्साफ? ताका आपण अमानत समजतो, तर त्याखालचा माणूस कोण? गुटक्यांचा खर्च हमालीसारखाच धंद्याच्या खात्यात लिहावा. सुटे भाग मिळत नाहीत ही सबबही चालणार नाही. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला, पण लुधियानात तयार होणारे गुटके बहुतेक काळ्या सायकलींना बसतात.

पावसाळ्यात स्वच्छ रिमसुद्धा दगा देते. ओल्या लोखंडी रिमवर रबराची पकड फार कमी होते. म्हणून वळण किंवा नाका येण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके दाबून पाणी पुसू द्यावे, मग जोर लावावा.

नव्या सायकलींना तारेचे ब्रेक असतात. त्यांची तार नळीत गंजते, ब्रेक जड होतो आणि सोडल्यावर परत येत नाही. नळीत तेलाचे दोन थेंब सोडावेत, रिमवर गळू देऊ नये. तारेचा एखादा धागा हँडलपाशी तुटलेला दिसला तर त्याच दिवशी तार बदलावी. अशी तार जोराने ब्रेक दाबण्याच्या वेळीच तुटते.